लॅटिन म्हणजे रोमन नव्हे: ट्रान्सिल्व्हेनियाच्या नावावर घासून पाहिलेली साधनं

युरोपातल्या प्रदेशांची नावं मराठीत आणताना, कोशासाठी नोंद लिहिताना किंवा उपशीर्षकं करताना ‘हे नाव आलं कुठून’ हा प्रश्न पडला, की हाताशी चार-पाच साधनं असतात आणि त्यातली बहुतेक फुकट असतात. पण प्रत्येक साधन आपण विचारलेल्या प्रश्नापेक्षा जरा वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत असतं. ते ध्यानात न घेता उतरवून घेतलं की चूक छापून मोकळी होते. म्हणून इथे एकच नाव घेऊन ही साधनं तपासली आहेत. नाव आहे ट्रान्सिल्व्हेनिया, आजच्या रोमानियातला एक प्रदेश.

हे नाव निवडायचं कारण सोपं आहे. दिसायला ते शंभर टक्के लॅटिन आहे. ‘त्रान्स’ म्हणजे पलीकडे, ‘सिल्वा’ म्हणजे जंगल. शिवाय हा भाग एके काळी खरोखरच रोमन साम्राज्यात होता. सम्राट ट्राजनने इ.स. १०६ मध्ये डाशिया हा इथला मुलूख जिंकून घेतला आणि सम्राट ऑरेलियनच्या काळात, २७१ ते २७५ च्या सुमारास, रोमनांनी तो सोडला. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की ‘रोमनांनी ठेवलेलं नाव’ असं वाक्य आपोआप जुळून येतं, आणि तेच चुकीचं आहे. रोमनांनी या भागाला ट्रान्सिल्व्हेनिया कधी म्हटलंच नाही. नाव मध्ययुगातलं आहे, हंगेरीच्या राज्यातल्या लेखनिकांनी लॅटिनमध्ये लिहिलेलं आहे, आणि मान्य मतानुसार ते एका हंगेरियन नावाचं भाषांतर आहे. जे साधन ही गोष्ट दाखवतं ते कामाचं. जे नुसतं ‘लॅटिन: जंगलापलीकडचा प्रदेश’ म्हणून थांबतं, ते अर्धवट.

आधी नावाची कुळं पाहू, कारण त्याशिवाय साधनांची परीक्षा करता येत नाही. पहिलं कूळ जंगलाचं. हंगेरियनमध्ये ‘एर्दो’ म्हणजे जंगल आणि जुन्या भाषेतलं ‘एल्वे’ म्हणजे पलीकडे. ‘एर्दोएल्वे’ झिजून आजचं ‘एर्देय’ झालं. लॅटिन लेखनिकांनी त्याचं आधी ‘उल्त्रा सिल्वाम’ केलं, पुढे उपसर्ग बदलून ‘त्रान्सिल्वानिया’. फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश, इंग्रजी आणि इंग्रजीमार्गे मराठी, सगळे या लॅटिन रूपावर गेले. दुसरं कूळ हंगेरियन उच्चार उचलणाऱ्यांचं: रोमानियन ‘आर्द्याल’, तुर्की ‘एर्देल’. यांनी भाषांतर केलं नाही, आवाज घेतला. तिसरं कूळ सातांचं: जर्मन ‘झीबेनब्युर्गेन’, पोलिश ‘श्येद्म्योग्रुद’, चेक ‘सेद्मिह्राद्स्को’. अर्थ सात गढ्या किंवा सात गडनगरं. लॅटिनमध्येही ‘सेप्तेम कास्त्रा’ असं रूप सापडतं, म्हणजे एकाच प्रदेशाला लॅटिनमध्येच दोन वेगळ्या कुळांतली नावं आहेत. रोमानियन भाषेत तर ‘आर्द्याल’ हे बोलीतलं आणि ‘त्रान्सिल्वानिया’ हे पुस्तकी, अशी दोन्ही गुण्यागोविंदाने नांदतात.

जंगल कुठलं, हा पुढचा प्रश्न. हंगेरीच्या सपाट मैदानातून पूर्वेकडे पाहिलं की आपुसेनी डोंगररांगांची दाट रानं आडवी येतात. त्यांच्या पलीकडचा मुलूख तो हा. नाव देणारा माणूस पश्चिमेला उभा आहे. कोकणातला माणूस ‘घाटावर गेलाय’ म्हणतो तेव्हा तो कुठून बोलतोय हे जसं त्यातच येतं, तसंच हे. ट्रान्सिल्व्हेनियात राहणाऱ्याच्या दृष्टीने त्याचा प्रदेश कशाच्याच पलीकडे नव्हता. त्यामुळे ‘पलीकडे’, ‘अलीकडे’, ‘वर’, ‘खाली’ असा घटक असलेलं कुठलंही नाव तपासताना पहिला प्रश्न ‘कोणाच्या बाजूने’ हाच विचारायचा.

आता साधनं.

ऑर्बिस लॅटिनस हा लॅटिन स्थलनामांचा जुना आणि अजूनही सगळ्यात उपयोगी कोश. योहान ग्रेसे यांनी तो १८६१ मध्ये ड्रेस्डेनला काढला. फ्रीडरिश बेनेडिक्ट यांनी सुधारलेली दुसरी आवृत्ती १९०९ ची, आणि हेल्मुट प्लेख्ल यांनी वाढवलेली मोठी तीन खंडांची आवृत्ती १९७२ ची. १९०९ च्या आवृत्तीचा मजकूर कोलंबिया विद्यापीठाने वेबवर टाइप करून ठेवला आहे आणि बहुतेकांच्या वापरात तोच येतो. हे परीक्षण मुख्यतः त्याचंच आहे.

रचना अगदी साधी. लॅटिन अक्षरक्रमाने पानं. एक अक्षर उघडायचं, ब्राउझरमधला शोध वापरायचा, नोंद सापडली की समोर आजचं नाव. ‘आजचं’ म्हणजे १९०९ चं, आणि तेही बहुतांशी जर्मन. इथेच पहिली ठेच लागते. १९०९ मध्ये ट्रान्सिल्व्हेनिया ऑस्ट्रिया-हंगेरीत होता. १ डिसेंबर १९१८ ला आल्बा युलिया या गावी भरलेल्या सभेने रोमानियाशी एकीकरण जाहीर केलं आणि ४ जून १९२० च्या त्रियानॉन तहाने त्यावर शिक्कामोर्तब झालं. म्हणजे कोशात ही गावं हंगेरीखाली आणि जर्मन नावांनी शोधायची: सिबियू नव्हे, हेर्मानश्टाट. ब्रासोव नव्हे, क्रोनश्टाट. क्लुज नव्हे, क्लाउसेनबुर्ग. हेच पोलंड, चेकिया आणि बाल्टिक देशांना लागू. कोशातलं जर्मन नाव जसंच्या तसं मराठी नोंदीत टाकलं तर वाचक नकाशावर ते गाव शोधतच बसेल.

म्हणून या कोशाचा वापर दोन पायऱ्यांत करायचा. लॅटिन नावावरून १९०९ चं जर्मन नाव काढायचं, आणि मग त्या जर्मन नावावरून आजचं अधिकृत नाव दुसऱ्या साधनात शोधायचं. दुसरी पायरी गाळू नये. एकाच जर्मन नावाची दोन-तीन गावं सर्रास असतात, त्यामुळे नोंदीत दिलेला प्रांत आणि गाव, शहर, नदी की मठ हे सांगणारं संक्षिप्त रूपही टिपून ठेवावं.

दुसरी मर्यादा जास्त महत्त्वाची. ऑर्बिस लॅटिनस तारीख देत नाही. लॅटिन रूप पाचव्या शतकातलं आहे की सोळाव्यातल्या एखाद्या विद्वानाने हौसेने बनवलेलं, हे नोंदीवरून कळत नाही. आणि सोळाव्या शतकातल्या मंडळींना आपल्या गावाला रोमन थाटाचं नाव द्यायची फार हौस. नमुना पाहायचा तर क्लुज घ्या. जुन्या दस्तऐवजांत त्याचा किल्ला ‘कास्त्रुम क्लुस’ असा येतो. पुढे त्याचं ‘क्लाउडियोपोलिस’ झालं, जणू सम्राट क्लाउडियसनेच वसवलंय. खरं प्राचीन क्लाउडियोपोलिस दुसरीकडे आहे, आजच्या तुर्कस्तानातलं बोलू. क्लुजच्या जागी रोमन काळात असलेल्या वस्तीचं नाव होतं नापोका, आणि ते शहराच्या नावाला जोडलं गेलं थेट १९७४ मध्ये, रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू याच्या राजवटीत. रोमन वारशाची जाहिरातच ती. तेव्हा ‘क्लुज-नापोका’ या जोडनावातला अर्धा भाग रोमन काळातला असला तरी त्या शहराचं नाव म्हणून तो अर्ध्या शतकाचाच आहे.

आल्बा युलियाचा सापळा याहून खोल. नाव ऐकून ज्युलियस सीझर आठवतो. प्रत्यक्षात हंगेरियन ‘ज्युलॉफेहेरवार’ म्हणजे ज्युलाचा पांढरा किल्ला, त्याचं हे लॅटिन. आल्बा म्हणजे पांढरी, युलिया म्हणजे ज्युला या हंगेरियन नावाला चढवलेला लॅटिन अंगरखा. रोमनांच्या काळातलं इथलं ठाणं होतं आपुलुम. रोमानियन लोक या गावाला पूर्वी ‘बल्ग्राद’ म्हणत, तेही स्लाव्हिकमधलं पांढरं गडनगर. जर्मन लोक ‘वाइसेनबुर्ग’, तोच पांढरा किल्ला. सम्राट सहाव्या कार्लने अठराव्या शतकात नवी तटबंदी बांधल्यावर ‘कार्ल्सबुर्ग’. एकच पांढरा रंग चार भाषांतून फिरतोय आणि दिसताना मात्र रोमन सेनापतीचं नाव दिसतंय. ऑर्बिस लॅटिनसमध्ये ‘आल्बा’ने सुरू होणाऱ्या नोंदींची रांगच आहे, तेव्हा तिथे दुसरा शब्द आणि प्रांत पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

शोधतानाच्या तांत्रिक खाचाखोचाही सांगायला हव्यात, कारण ‘नोंदच नाही’ असं म्हणून सोडून दिलेल्या कित्येक नोंदी तिथे असतात. मध्ययुगीन लॅटिनमध्ये ‘यू’ आणि ‘व्ही’ एकमेकांच्या जागी येतात, ‘आय’ आणि ‘जे’ही. ‘सिल्वा’चं स्पेलिंग कधी ‘आय’ने, कधी ‘वाय’ने. हा ‘वाय’ खरं तर उपराच. ग्रीक ‘हुले’शी नातं आहे अशा समजुतीने तो घुसला आणि इंग्रजीत कायमचा बसला. ट्रान्सिल्व्हेनियात ‘एस’ एक की दोन, हेही ठरलेलं नाही. उपसर्ग आणि नाम दोन्ही पूर्ण लिहिले की दोन, बोलण्यात एकच. म्हणून पूर्ण नाव टाइप न करता मधला तुकडा शोधावा: ‘एल’पासून पुढचा भाग, ‘यू’ने एकदा आणि ‘व्ही’ने एकदा. विभक्तीमुळे शेवट बदलतो तो वेगळाच. मूळ कागदात प्रदेश ‘पार्तेस त्रान्सिल्वाने’ असा अनेकवचनी येतो, ‘जंगलापलीकडचे भाग’ अशा अर्थी, तेव्हा ‘इया’ने संपणारं रूप शोधत बसलात तर जुने उल्लेख निसटलेच समजा.

एवढं असूनही ऑर्बिस लॅटिनस वापरावाच. प्राचीन नावांसाठी बरीच साधनं आहेत, पण जुन्या पुस्तकांच्या मुखपृष्ठावर छापलेली प्रकाशनस्थळं, चर्चच्या नोंदवह्या, विद्यापीठांच्या पदव्या यांतली मध्ययुगीन आणि नंतरची लॅटिन नावं एका जागी इतकी दुसरीकडे मिळत नाहीत. ‘कोरोने’ छापलंय म्हणजे ब्रासोव आणि ‘चिबिनी’ म्हणजे सिबियू, हे मिनिटाभरात कळतं. तीन खंडांची आवृत्ती मोठ्या ग्रंथालयात मिळाली तर तीच पाहावी, नोंदी कितीतरी जास्त आहेत. घरी विकत घेऊन ठेवण्याची गरज फक्त अभिलेखागारात नोकरी करणाऱ्याला.

विक्शनरीकडे, म्हणजे विकिपीडियाच्या भाऊबंद मुक्त शब्दकोशाकडे, वळू. व्युत्पत्तीसाठी बहुतेक जण इथेच प्रथम येतात आणि त्यात चूक नाही. फक्त पान कसं वाचायचं हे माहीत हवं. इंग्रजी विक्शनरीत एका पानावर त्या स्पेलिंगचे सगळ्या भाषांतले शब्द एकाखाली एक असतात. भाषांतरांचा तक्ता फक्त इंग्रजी भागात असतो, आणि तो घडी घालून ठेवलेला असल्यामुळे उघडावा लागतो. लॅटिन शब्दापासून कोणत्या भाषांत काय उतरलं, ती ‘वंशज’ यादी लॅटिन भागात. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत. ट्रान्सिल्व्हेनियाच्या तक्त्यात जर्मन ‘झीबेनब्युर्गेन’ भाषांतर म्हणून येणार, पण ते लॅटिनचं वंशज नाही. तक्ता पाहून ‘लॅटिन नाव जर्मनमध्ये असं बदललं’ असं वाक्य लिहिणारे लोक आहेत. सातांच्या कुळाचा जंगलाच्या कुळाशी काही संबंध नाही.

लॅटिन शब्दांवरची दीर्घ स्वरांची आडवी रेघ पानाच्या नावात नसते, फक्त आत असते. शोधताना ती टाकू नये. रोमानियन आणि हंगेरियन शब्दांत मात्र उलट, चिन्हं टाकलीच पाहिजेत आणि बरोबर टाकली पाहिजेत. रोमानियन ‘श’ आणि ‘त्स’ लिहायला ‘एस’ आणि ‘टी’ खाली स्वल्पविराम लागतो. जुन्या विंडोज संगणकांत ती अक्षरं नीट नव्हती म्हणून लोक तुर्की पद्धतीचं, खाली शेपूट असलेलं अक्षर वापरत. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, संगणकाला वेगळी. २००७ च्या आधीच्या रोमानियन फायलीतून शब्द उचलून शोधपेटीत टाकला आणि काही सापडलं नाही, तर बहुतेक वेळा हेच कारण. हंगेरियन ‘ओ’वरच्या दोन तिरक्या रेघांची तीच गत, जुन्या मजकुरात त्याऐवजी टोपी किंवा लाट आलेली असते.

विक्शनरीची खरी ताकद साखळी दाखवण्यात आहे: हा शब्द त्याच्यापासून, तो त्याच्यापासून, प्रत्येकावर टिचकी मारता येते. ऑर्बिस लॅटिनस जिथे नुसतं ‘हे म्हणजे ते’ सांगतो तिथे विक्शनरी दिशा सांगते. आणि प्रस्तुत नावात दिशाच महत्त्वाची. पण दिशेला आधार दिलाय का ते पाहावं. व्युत्पत्तीच्या वाक्याशेजारी संदर्भाचा आकडा नसेल तर ते एखाद्या संपादकाचं मत समजावं आणि पानाचा इतिहास उघडून ते कधी, कोणत्या टीपेसह घातलं ते पाहावं. ‘सात गढ्यां’च्या बाबतीत हे विशेष. रूढ स्पष्टीकरण असं की हंगेरीचा राजा दुसरा गेझा याच्या काळापासून, म्हणजे बाराव्या शतकाच्या मध्यापासून, आलेल्या जर्मन वसाहतवाल्यांची सात तटबंद शहरं होती. दुसरं मत म्हणतं, सात वगैरे काही नाही, सिबिन नदीकाठच्या ‘सिबिनबुर्ग’चा तो अपभ्रंश आहे. सिबियूचं लॅटिन नाव ‘चिबिनियम’ ११९१ पासून कागदोपत्री आहे, त्यामुळे दुसरं मत उडवून लावण्यासारखं नाही. पोलिश आणि चेक नावं मात्र साताचा अर्थ धरूनच भाषांतरित झाली आहेत, मूळ काहीही असो. ज्या कोशात यातलं एकच मत निखालस सत्य म्हणून दिलंय, त्याच्या इतर नोंदींकडेही जरा सावधपणे पाहावं.

विकिडेटा हा विकिपीडियाच्याच कुटुंबातला माहितीसाठा २०१२ पासून आहे आणि एका प्रदेशाची शंभरेक भाषांतली नावं एका पानावर पाहायला याच्यासारखं दुसरं काही नाही. वर फक्त आपल्या निवडलेल्या भाषा दिसतात, ‘भरलेल्या सर्व भाषा’ उघडलं की पूर्ण यादी. कुळं लावायला पाच मिनिटं पुरतात: ‘त्रान्स’वाले, ‘एर्द’वाले, ‘सेद्म’वाले. पण व्युत्पत्तीसाठी ते बनलेलं नाही. ‘यावरून नाव पडलं’ असा गुणधर्म आहे, क्रमांक पी १३८, पण त्यात एखादी वस्तूच टाकता येते. ‘जंगल’ टाकता येईल, ‘जंगलाच्या पलीकडे’ कसं टाकणार? नात्याचा शब्दच गळतो, आणि या नावात जीव आहे तो त्याच शब्दात. शब्दांच्या नोंदी ठेवणारा वेगळा विभाग २०१८ मध्ये सुरू झाला, त्यात एका शब्दावरून दुसरा असा दुवा देता येतो. तो विभाग वाढेल तेव्हा वाढेल.

जिओनेम्स हा स्थलनामांचा माहितीसाठाही असाच. एक कोटीहून जास्त नावं, पर्यायी नावांना भाषेचा शिक्का, ‘ऐतिहासिक’ अशी खूण आणि ‘पासून-पर्यंत’चे रकाने सुद्धा. रकाने आहेत, भरलेले क्वचित. एक्सेलमध्ये हजार गावांची यादी जुळवायची असेल तर घ्या, एका नावाच्या मुळासाठी नको.

ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मुक्त नकाशात नावं टॅगमध्ये, म्हणजे प्रत्येक जागेला जोडलेल्या खुणांमध्ये, असतात, भाषेनुसार वेगळी, जुन्या नावाला वेगळा टॅग. ब्रासोवसारख्या गावाला याचा फायदा होतो. ते १९५० ते १९६० मध्ये ‘ओराशुल स्तालिन’, म्हणजे स्तालिननगर, होतं, हे नकाशावरच नोंदवता येतं. प्रदेशासाठी मात्र निराशा. ट्रान्सिल्व्हेनिया हा आजच्या रोमानियाचा प्रशासकीय विभाग नाही. देशात ४१ जिल्हे आणि बुखारेस्ट, मध्ये प्रदेश नावाची अधिकृत पायरी नाही, म्हणून अधिकृत हद्दही नाही. ऐतिहासिक ट्रान्सिल्व्हेनिया ५७ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, आणि बानात, क्रिशाना, मारामुरेश हे शेजारचे भाग धरून सैलपणे बोललं तर लाखभर. कोणता धरलाय ते लिहिल्याशिवाय आकडा लिहूच नये.

प्लेयाडीस हे प्राचीन स्थळांचं साधन आणि त्याच्या कामात अव्वल. प्रत्येक नावाला कालखंड जोडलेला, खात्री किती तेही सांगितलेलं. आपुलुम, नापोका, पोताइस्सा ही रोमन काळातली ठिकाणं इथे नीट मिळतात. मध्ययुगीन ट्रान्सिल्व्हेनियासाठी ते बनलेलंच नाही आणि नेमका हाच त्याचा उपयोग: लॅटिन नाव ऑर्बिस लॅटिनसमध्ये आहे पण प्लेयाडीसमध्ये त्या जागी नाही, तर नाव रोमनोत्तर असण्याचा दाट संशय घ्यावा. पुरावा नव्हे, संशय. पण दहा सेकंदांत मिळतो.

पुराव्यासाठी शेवटी मूळ कागदाकडे जावं लागतं, आणि इथे हंगेरीकाना या सेवेची शिफारस बिनदिक्कत करता येते. हंगेरीच्या अभिलेखागारांनी १५२६ च्या मोहाचच्या लढाईपर्यंतच्या सनदा, लाखाहून अधिक, छायाचित्रांसह वेबवर ठेवल्या आहेत. फुकट. प्रत्येक सनदेला दोन मालिकांपैकी एकीचा क्रमांक असतो, ‘डीएल’ किंवा ‘डीएफ’. पहिली म्हणजे राष्ट्रीय अभिलेखागारातले मूळ कागद, दुसरी म्हणजे इतरत्र असलेल्या कागदांची छायाचित्रं. संदर्भ देताना क्रमांक द्यावा, दुवा बदलू शकतो. गोषवारे बहुधा हंगेरियनमध्ये, मजकूर लॅटिनमध्ये, अक्षर त्या काळचं आणि संक्षेपांनी खचाखच भरलेलं. ‘त्रान्स’ पूर्ण लिहिलेलं सापडेलच असं नाही, वरच्या एका फटकाऱ्यात दोन-तीन अक्षरं गिळलेली असतात. जुनी लिपी वाचायची सवय नसेल तर छापील सनदासंग्रहातला मजकूर शेजारी ठेवून चित्र पाहावं.

सर्वांत जुना म्हणून दिला जाणारा उल्लेख १०७५ चा. हंगेरीचा राजा पहिला गेझा याने गारामसेंटबेनेडेकच्या मठाला दिलेल्या सनदेत ‘उल्त्रा सिल्वाम’ येतं, तुर्दा या गावच्या मिठाच्या उत्पन्नाच्या संदर्भात. रुक्ष महसुली बाब, पण नावाचा जन्मदाखला म्हणून सगळीकडे हीच नोंद फिरते. मात्र ती सनद मूळ रूपात हाती नाही, आज मिळते त्या मजकुरात नंतरची भर आहे. म्हणून ‘१०७५ मध्ये पहिल्यांदा’ असं ठोकून लिहिण्याऐवजी ‘१०७५ च्या सनदेच्या उपलब्ध मजकुरात’ असं लिहावं. त्यानंतरचा मोठा साक्षीदार म्हणजे १२०० च्या आसपास राजाच्या एका निनावी लेखनिकाने लिहिलेला ‘गेस्टा हुंगारोरुम’. त्यात ‘तेर्रा उल्त्रासिल्वाना’ हे लॅटिन आणि हंगेरियन ‘एर्दोएल्वे’चं जुनं रूप, दोन्ही आहेत. लॅटिन नाव हंगेरियनवरून आलं या मताला हा शेजार बळ देतो. रोमानियन ‘आर्द्याल’चा पहिला लेखी उल्लेख १४३२ चा धरतात.

साधन किती पाण्यात आहे हे पाहायला आणखी एक शब्द टाकून बघा: ‘त्रान्साल्पिना’. प्राचीन रोमच्या दृष्टीने हे आल्प्सपलीकडचं गॉल, म्हणजे आजच्या फ्रान्सकडचा मुलूख. मध्ययुगीन हंगेरीच्या दृष्टीने मात्र वालाकिया, कार्पेथियन ओलांडून दक्षिणेला. हंगेरियन ‘हॉवॉशएल्वे’, बर्फाळ डोंगरांपलीकडे, याचं ते भाषांतर, अगदी ‘एर्दोएल्वे’च्याच साच्यातलं. वालाकियाचे राजे लॅटिन पत्रांत स्वतःला ‘त्रान्साल्पिनुस’ म्हणवून घेत. ज्या साधनात दोन्ही अर्थ वेगळे दिसतात ते पास. साध्या शोधयंत्रात पहिल्या पानावर २,१४५ मीटर उंचीवरून जाणाऱ्या रोमानियातल्या मोटाररस्त्याचेच फोटो येतात. ‘ट्रान्सिल्व्हेनिया’ टाकलं तर केंटकीतलं विद्यापीठ आणि नॉर्थ कॅरोलायनातला जिल्हाही मध्ये येतात. ती नावंही लॅटिन अर्थानेच ठेवलेली आहेत, फक्त जंगल अमेरिकेतलं आणि पाहणारा अटलांटिकच्या किनाऱ्यावरचा. पेनसिल्व्हेनिया मात्र वेगळं. १६८१ च्या सनदेतलं ते ‘पेनचं जंगल’, त्यात पलीकडे कोणीच नाही.

लॅटिन विकिपीडियाबद्दल एक इशारा. तिथले संपादक आजच्या गावांना लॅटिन नावं वापरतात आणि आधार तळटीपेत द्यायची तिथे रीत आहे. तळटीप असेल तर ती उपयोगाची, बऱ्याचदा जुन्या पुस्तकापर्यंत नेते. नसेल तर नाव गेल्या काही वर्षांत घडवलेलं असू शकतं आणि ऐतिहासिक म्हणून उद्धृत करू नये.

मराठीत लिहिताना प्रदेशासाठी ‘ट्रान्सिल्व्हेनिया’ ठेवावं, ते रुळलं आहे. लॅटिन रूप उद्धृत करताना ‘त्रान्सिल्वानिया’ असं वेगळं लिहावं म्हणजे कोणत्या भाषेबद्दल बोलतोय ते कळतं. गावांची आजची रोमानियन नावं मजकुरात, हंगेरियन आणि जर्मन पहिल्या उल्लेखाशेजारी एकदाच. विकिडेटावर मराठी नाव चुकीचं किंवा रिकामं दिसलं तर खातं उघडून तिथल्या तिथे दुरुस्त करता येतं. मुख्य नावाच्या रकान्यात एकच रूप टाकावं, ‘ट्रान्सिल्वेनिया’सारखी बाकीची ‘असेही म्हणतात’च्या रकान्यात, नाहीतर ज्याने ते रूप टाइप केलं त्याला शोधात काहीच मिळत नाही.